खुर्ची आणि सतरंजी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते, साधू-साध्वी पुढील गावाकडे विहार करतात आणि चार महिने गजबजलेल्या प्रवचन हॉलमध्ये शांतता पसरते. ज्या संघाच्या विश्वस्त मंडळाची मुदत त्या वर्षी संपत असते, तेथे मात्र ही शांतता आठवडाभरही टिकत नाही. सूचनाफलकावर एक टंकलिखित कागद लागतो. त्यावर ‘पंचवार्षिक निवडणूक’ एवढे दोनच शब्द ठळक असतात. पण ते वाचताच बाजारपेठेतील निम्म्या दुकानांच्या गाद्यांवरील बैठक बदलते. कालपर्यंत तूरडाळीच्या भावावर बोलणारी मंडळी आज घराण्यांची बेरीज-वजाबाकी करू लागतात.

असे गाव नकाशावर शोधण्याची गरज नाही. तालुक्याचे ठिकाण, आठवडे बाजार, तीनशे-साडेतीनशे जैन घरे, एक संघ, त्याचे भवन, आयंबिल शाळा, लहानसे छात्रालय आणि साधर्मिक साहाय्याचा एक निधी, एवढे जेथे आहे ते प्रत्येक गाव या लेखातील गाव समजावे. तेथील दोन उमेदवारांनाही नावांची आवश्यकता नाही. व्यापारी समाजात माणसाची ओळख त्याच्या पेढीवरून होते; म्हणून एकास कापडवाले आणि दुसऱ्यास भुसारवाले म्हणावे, म्हणजे पुरे.

समाजाच्या आग्रहाखातर

समाजाच्या निवडणुकीचा पहिला नियम असा, की कोणीही स्वतःहून उभा राहत नाही. कापडवाल्यांना पदाची तिळमात्र हौस नसते. “चार माणसे घरी आली, नाही म्हणवेना,” असे ते सांगतात. ती चार माणसे कोण, याचा शोध घेतल्यास त्यांतील दोन त्यांचे साडू, एक भाचेजावई आणि चौथा त्यांच्याच दुकानातील हिशेबनीस निघतो. भुसारवाल्यांनाही निवृत्त होऊन स्वाध्यायात मन रमवायचे असते. पण समाज त्यांना सोडत नाही. समाजाला हे ठाऊकच नसते, ही गोष्ट वेगळी.

उमेदवारी ठरल्यापासून माणसात घडणारे परिवर्तन एखाद्या तपस्व्यालाही थक्क करील. पाच वर्षांत ज्यांचे पाऊल पहाटेच्या प्रार्थनेला वळले नाही, ते पहिल्या रांगेत सामायिक घेऊन बसतात. मुहपत्तीची घडी इतकी कोरी असते, की दुकानाचा शिक्का तेवढा मारायचा राहिला आहे असे वाटावे. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची असते. त्यांतील चाळीस मिनिटे कोण आले आणि कोण आले नाही, हे पाहण्यात जातात. आजाऱ्याच्या खाटेशी उमेदवार डॉक्टरांच्या आधी पोहोचतो. कोणाच्या नातीने अठाई केली, कोणाच्या सुनेची परीक्षा आहे, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, याची टिपणे त्याच्या खिशात असतात. एका उमेदवाराने तर एकाच घरी सकाळी पारण्याची अनुमोदना आणि संध्याकाळी त्याच पारण्याची पुन्हा अनुमोदना केली म्हणतात. टिपणाची दोन पाने एकमेकांना चिकटली होती.

मोबाइलवरील प्रचाराचा थाट निराळाच. पहाटे पाच वाजता “जय जिनेंद्र” येते, त्याखाली सूर्योदय, त्याखाली सुविचार आणि सुविचारापेक्षा चौपट आकाराचे उमेदवाराचे छायाचित्र. सुविचार बहुधा अहंकार त्यागण्याविषयी असतो.

मतदाराची सप्तभंगी

उमेदवार चतुर असतो, पण मतदार व्यापारी असतो. गिऱ्हाइकाला न दुखावता नकार देण्याची विद्या ज्याने तीन पिढ्या जोपासली आहे, त्याच्याकडून मताचे आश्वासन मिळवणे म्हणजे उधारीची जुनी बाकी वसूल करण्याइतकेच अवघड. भगवान महावीरांच्या परंपरेने जगाला स्याद्वाद दिला. एकाच वस्तूकडे सात भंगांनी पाहण्याची दृष्टी दिली. हे तत्त्वज्ञान सत्याच्या शोधासाठी आहे. मतदार त्याचा उपयोग दारात आलेल्या उमेदवाराला चहा पाजून वाटेला लावण्यासाठी करतो.

कापडवाले विचारतात, “मग काकाजी, मत आपल्यालाच ना?” एका दृष्टीने आहे, कारण आपण शेजारी. एका दृष्टीने नाही, कारण भुसारवाले व्याही लागतात. क्रमाने पाहिल्यास आहेही आणि नाहीही. एकदम विचाराल तर सांगता येण्यासारखे नाही. आहे, पण सांगता येत नाही. नाही, पण तेही सांगता येत नाही. आणि अखेरीस, आहे, नाही आणि सांगताही येत नाही. तेव्हा आपण आधी चहा घ्या. उमेदवार बाहेर पडतो आणि यादीत त्या नावापुढे बरोबरची खूण करतो. तासाभराने भुसारवालेही त्याच घरातून बाहेर पडून तशीच खूण करतात. मतदानाच्या आदल्या रात्री दोन्ही गटांच्या याद्या जोडल्या, तर मतदारांची संख्या समाजाच्या लोकसंख्येहून अधिक भरते.

ज्या संघांत घरटी एक मत असते, तेथे ते मत कुटुंबप्रमुखाच्या नावावर नोंदलेले असते आणि स्वयंपाकघरात ठरलेले असते. हे गुपित जाणणारा उमेदवार कुटुंबप्रमुखाशी दहा मिनिटे बोलतो आणि काकीजींच्या हातच्या खाकऱ्याची स्तुती वीस मिनिटे करतो.

न जुळणारा ताळेबंद

या साऱ्या उद्योगाचा जमाखर्च मांडल्यास कोणत्याही लेखापालाला घाम फुटेल. खर्चाच्या बाजूस पत्रके, फलक, मोटारीचे तेल, भेटीगाठींचे नाश्ते आणि दुकानातून दीड महिना उठलेले लक्ष. जमेच्या बाजूस वेतन शून्य, भत्ता शून्य, नफा शून्य. दहा रुपयांच्या मापातील फरकासाठी दलालाशी अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस बिनपगारी जागेसाठी एवढी गुंतवणूक का करतो, याचे उत्तर वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत नाही. ते आगमांच्या परंपरेत आहे. क्रोध, मान, माया आणि लोभ असे चार कषाय सांगितले आहेत. व्यापारी माणूस लोभावर बऱ्यापैकी ताबा मिळवतो, कारण लोभाने पेढी बुडताना त्याने पाहिलेली असते. क्रोध गिऱ्हाइकापुढे गिळावाच लागतो. मायेला व्यवहारात फार काळ वाव मिळत नाही. उरतो तो मान. त्याचा बाजारभाव कोणी कधी लिहून ठेवला नसल्यामुळे त्याची खरेदी कितीलाही होते.

मानाची मागणी मोठी आणि खुर्च्या थोड्या, यावर समाजाने एक तोडगा काढला आहे. पराभूतांची नाराजी नको म्हणून पदे वाढवायची. अध्यक्षाखाली कार्याध्यक्ष, त्याखाली तीन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, प्रचारप्रमुख, सल्लागार, विशेष निमंत्रित आणि कायम निमंत्रित. निमंत्रणपत्रिकेवर कार्यक्रमाची वेळ आणि स्थळ छापायला जागा उरत नाही. फलकावर एकवीस हसरे चेहरे असतात आणि कोणत्या प्रसंगासाठी फलक लावला आहे, हे शोधण्यास भिंग लागते. महिला प्रतिनिधीची जागा मात्र एकच असते. तिचे छायाचित्र उजव्या कोपऱ्यात, मंडपवाल्याच्या जाहिरातीशेजारी.

एवढ्या गर्दीत एक पद नेहमी रिकामे राहते. ते कोषाध्यक्षाचे. तेथे माळ कमी आणि पावत्या अधिक असतात. देणगीची पावती फाडणे, दैनंदिन रोकड जुळवणे, मार्चअखेर हिशेब बंद करणे, लेखापरीक्षकाच्या शंकांना उत्तरे देणे आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात वेळेत पोहोचवणे हे काम अध्यक्षीय भाषणाहून कंटाळवाणे आहे. म्हणून प्रत्येक सभेत एखाद्या निवृत्त, मितभाषी आणि नाही म्हणू न शकणाऱ्या गृहस्थाकडे सर्वांच्या नजरा वळतात. त्यांना खरोखरच समाजाचा आग्रह होतो. आग्रहाचे हे एकमेव अस्सल उदाहरण होय.

सतरंजी उचलणारे हात

मराठी मुलखात कार्यकर्त्याची एक जुनी ओळख आहे: सतरंजी उचलणारा. सभा संपली, हार-तुरे झाले, पाहुणे मोटारीत बसले, की जो मागे राहून सतरंज्या झटकतो, घड्या घालतो आणि खोलीचे कुलूप तपासून घरी जातो, तो कार्यकर्ता. जैन समाजात असे हात विपुल आहेत. ते दिसत नाहीत, एवढेच.

विहारसेवेच्या तरुणांना पाहावे. साध्वीजी सूर्योदयानंतर पुढील मुक्कामाला निघणार असतात. रस्ता महामार्गाचा, ट्रकांची वर्दळ. ही मुले अंधारात उठून हजर होतात, रस्त्याच्या कडेने बरोबर चालतात, बारा-पंधरा किलोमीटर पायी जाऊन बसने परत येतात आणि दहाच्या ठोक्याला दुकान उघडतात. आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस तूप, तेल, दूध, दही आणि साखर यांवाचून रुचेल असा स्वयंपाक करणाऱ्या भगिनींना पाहावे. रविवारी पाठशाळेत तीस मुलांना नवकार, थोकडे आणि शांत बसणे, यांपैकी निदान दोन गोष्टी शिकवणाऱ्या मुलींना पाहावे. गौतमप्रसादीच्या पंगतीत ताटात काही टाकू नका, अशी हात जोडून विनवणी करणाऱ्या आजोबांना पाहावे. यांपैकी एकाचेही छायाचित्र फलकावर नसते.

शास्त्रकारांची नजर फलक रंगवणाऱ्याहून सूक्ष्म होती. सहा आभ्यंतर तपांमध्ये त्यांनी वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, हे तप गणले आणि प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, ध्यान व व्युत्सर्ग यांच्या पंक्तीला बसवले. उपवासाची गणना बाह्य तपात होते आणि सेवेची आभ्यंतर तपात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. अध्यक्षपदाची गणना कोणत्याच तपात नाही.

समाजाचा इतिहासही हेच सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ साली एका जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवू लागली. मुलांच्या धान्यासाठी पैसा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. त्या माउलीला कोणत्या समितीवर घ्यावे, याची चर्चा कोणी केली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्यानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. पालकत्व घेताना मुलांची जात विचारली गेली नाही. लोकांच्या स्मरणात राहिली ती ही कामे. त्या त्या वर्षी कोण किती मतांनी निवडून आले, हे कोणाला आठवत नाही.

न वटलेला धनादेश

आता त्या तालुक्याच्या गावाकडे परतावे. तेथील निवडणूक कापडवाल्यांनी अकरा मतांनी जिंकली. भुसारवाल्यांच्या गटाने मतदार यादीवर हरकत घेतली. येथवर सारे रीतीप्रमाणे झाले. पण रीतीपुढे कायदा असतो.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचे विश्वस्त बदलले, की १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार तो बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. त्यालाच बदल अहवाल म्हणतात. कोणी हरकत घेतली, की चौकशी सुरू होते आणि तारखा पडू लागतात. कापडवाल्यांनी अहवाल दाखल केला. भुसारवाल्यांनी वकील दिला. एका गटाने बँकेला नव्या सह्यांचा ठराव पाठवला, दुसऱ्या गटाने तो ठराव बेकायदा असल्याचे पत्र पाठवले. दोन्ही पत्रांवर संघाचा शिक्का होता. शिक्के दोन झाले होते. अशा वेळी बँकेचा व्यवस्थापक जे करतो तेच त्याने केले: खात्यावरील व्यवहार थांबवले.

पहिले काही महिने याची झळ कोणाला जाणवली नाही. दोन्ही गट प्रतिष्ठेच्या लढाईत रमले होते. चैत्रातील ओळीला किराणा उधारीवर आला. छात्रालयाच्या स्वयंपाकिणीचा पगार एका विश्वस्ताने खिशातून दिला, पुढल्या महिन्यात दुसऱ्याने दिला, तिसऱ्या महिन्यात कोणीच दिला नाही.

जुलैमध्ये एका मुलीचा धनादेश परत आला. तिचे वडील बाजारातील एका दुकानात मुनीम. जैन म्हटले की धनवान, ही समजूत ज्या अनेक घरांच्या उंबऱ्याबाहेरच थांबते, त्यांतील ते एक घर. मुलीला औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश मिळाला होता आणि साधर्मिक निधीतून शुल्काची रक्कम मंजूर झाली होती. धनादेशावर नव्या अध्यक्षांची आणि कोषाध्यक्षांची सही होती. बँकेने तो परत केला. सह्यांचा अधिकार वादात आहे, एवढेच कारण. शुल्क भरण्यास पाच दिवस उरले होते.

हीच मुलगी रविवारच्या पाठशाळेत शिकवत असे. दोन्ही गटांची नातवंडे तिच्या वर्गात एका सतरंजीवर बसत.

ती प्रथम कापडवाल्यांच्या घरी गेली. त्यांनी धनादेश पाहिला आणि सांगितले, “दोष आमचा नाही, बेटा. त्यांना जाऊन विचार.” ती भुसारवाल्यांच्या घरी गेली. त्यांनीही चष्मा लावून धनादेश पाहिला आणि म्हणाले, “सही आमची नाही. ज्यांची आहे त्यांना विचार.” मुलगी भांडली नाही, रडली नाही. “आजोबा, अनेकांतवाद शिकवताना मी मुलांना सांगते, की दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. येत्या रविवारी त्यांनी विचारले, की दोघेही बरोबर असताना ताईचे शुल्क का भरले नाही, तर काय सांगू?” एवढे विचारून ती उठली.

भुसारवाल्यांनी त्या दुपारी दुकानात कोणाशी भाव केला नाही. संध्याकाळी ते पायीच निघाले आणि आठ महिन्यांत प्रथमच कापडवाल्यांच्या पेढीची पायरी चढले. आत काय बोलणे झाले, हे दोन्ही घरांनी बाहेर सांगितलेले नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून स्वतःच्या खिशातून शुल्क भरले, एवढे मात्र दिसले. त्या आठवड्यात हरकत मागे घेण्याचा अर्ज वकिलाकडे गेला आणि दोन्ही गटांच्या सह्यांचा एकच ठराव बँकेत पोहोचला. शिक्काही एकच राहिला. खाते पूर्ववत होण्यास आणखी काही दिवस लागले. पण स्वयंपाकिणीचा थकलेला पगार सर्वांत आधी निघाला.

हे सारे पर्युषणाच्या आधी झाले, ही पुण्याई. अन्यथा संवत्सरीला दोन्ही घरांतून छापील ‘मिच्छामि दुक्कडम्’ गावोगावच्या शेकडो पत्त्यांवर गेले असते आणि समोरासमोरच्या दोन पेढ्यांमधील चाळीस फुटांचा रस्ता ओलांडायचा राहिला असता. अनोळखी माणसाची क्षमा मागणे सोपे असते. त्याने आपली मतदार यादी कधी खोटी म्हटलेली नसते.

मत देण्यापूर्वी

निवडणूक वाईट नव्हे. बिनविरोध निवडीचा आग्रह कित्येकदा जुन्या मंडळींना चिकटून राहण्याची सोय करतो, हेही खरे. मतपेटी हवी; पण मतपेटीपुढे उभे राहताना मतदाराने काही प्रश्न विचारावेत. मागील पाच वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे आले का? मतदार यादी निवडणुकीच्या पुरेशी आधी जाहीर होऊन तिच्यावरील हरकती तेव्हाच मिटल्या का? बदल अहवाल मुदतीत दाखल करण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर सोपवली आहे? वाद झालाच, तर छात्रालय, आयंबिल शाळा आणि साधर्मिक निधी यांचा खर्च थांबणार नाही, अशी व्यवस्था दोन्ही गटांनी आधी लिहून ठेवली आहे का? व्यापारी भागीदारीचा करार करताना फुटीचे कलम आधी लिहितो. संघाच्या बाबतीत तेवढी दूरदृष्टी ठेवण्यास हरकत नसावी.

आणि एक परीक्षा अशी, की तिला ना अर्ज लागतो ना अनामत. कोणताही कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटे हॉलमध्ये थांबावे. उमेदवार मोटारीकडे चालला आहे की सतरंजीचे एक टोक धरून उभा आहे, हे पाहावे. त्या गावात पुढील महावीर जयंतीला लोकांनी जे पाहिले, ते अजून सांगितले जाते. सभा आटोपली, फलक उतरले, आणि कापडवाले एका टोकाला व भुसारवाले दुसऱ्या टोकाला अशी भली मोठी सतरंजी गुंडाळली जात होती. घडी काही सरळ होईना. दोघेही आपापल्या बाजूने बरोबर होते.

अखेर पाठशाळेतील एका लहान मुलीने मधोमध उभे राहून दोघांना सांगितले, “आजोबा, दोघेही एकाच दिशेने या.”

घडी नीट बसली.